प्रकट मुलाखत घेताना: लेखकाची ओळख, लेखनकला आणि न्यायाचे प्रश्न

ज्या लेखकाच्या लेखनात जात, धर्म, लिंगभाव, वंश, अपंगत्व किंवा स्थलांतराचा अनुभव मध्यवर्ती आहे, त्याची प्रकट मुलाखत घेणे हे विशेष तयारीचे काम आहे. अशा मुलाखतींचा एक ठरावीक साचा पडून गेला आहे. सुरुवातीला बालपण आणि भोगलेले हाल, मधे पुस्तकाचा धावता परिचय, आणि शेवटी ‘आजच्या सामाजिक परिस्थितीबद्दल काय वाटते’ हा प्रश्न. या साच्यात लेखकाचे आयुष्य एका कप्प्यात जाते, लेखन दुसऱ्या आणि समाज तिसऱ्या. श्रोत्यांना हळहळ वाटते, टाळ्याही पडतात, पण पुस्तक कसे घडले आणि त्यात न्यायाचा प्रश्न नेमका कुठे आहे, हे त्यांना कळत नाही.

माझे ठाम मत असे आहे की या तीन विषयांना एकच दरवाजा आहे, आणि तो लेखनकलेचा आहे. कथा कोणाच्या तोंडून सांगायची, पात्राला कोणती बोली द्यायची, काय लिहायचे आणि काय गाळायचे, हे निर्णय लेखक घेतो तेव्हा त्याची ओळख आणि त्याची न्यायाची कल्पना त्या निर्णयांत उतरलेली असते. त्या निर्णयांबद्दल विचारले की लेखक स्वतःहून आयुष्याकडे आणि समाजाकडे वळतो, आणि कुठपर्यंत वळायचे हे त्याचे तो ठरवतो. पुढील सर्व सूचना या एका धोरणातून आलेल्या आहेत.

निमंत्रण आणि व्यासपीठ

मुलाखतीचे राजकारण पहिल्या प्रश्नाच्या पुष्कळ आधी, निमंत्रणापासून सुरू होते. 1885 साली पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून आले असता जोतीराव फुले यांनी ते पत्राने नाकारले. सर्व माणसांचे मानवी हक्क जे खुशीने आणि उघडपणे मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. व्यासपीठ कोणी उभारले आहे, त्यावर कोण कोण बसणार आहे आणि आपल्याला कशासाठी बोलावले जात आहे, हे प्रश्न आजही निमंत्रित लेखकाच्या मनात असतात. संयोजकांनी ते त्याने विचारण्याची वाट पाहू नये.

म्हणून निमंत्रणाच्या पहिल्याच पत्रात विषय, कालावधी, मुलाखत कोण घेणार, श्रोते साधारण कोण असतील, ध्वनिचित्रमुद्रण होणार का व ते पुढे कुठे वापरले जाणार, आणि मानधन व प्रवासखर्च किती, हे स्पष्ट लिहावे. मानधनाबद्दल संकोचाने मौन पाळण्याची पद्धत वरवर सभ्य दिसते, परंतु तिचा भार नेहमी ज्याच्याकडे कमी आहे त्याच्यावर पडतो. त्याच कार्यक्रमातील इतर वक्त्यांना जे दिले जाते तेच या लेखकालाही द्यावे. ‘तुमचे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचेल’ हा मोबदला होऊ शकत नाही, विशेषतः न्यायावर बोलण्यासाठी बोलावलेल्या माणसाला तर नाहीच.

आणखी एक गोष्ट संयोजकांनी स्वतःशी तपासावी. हा लेखक केवळ एखाद्या विशेष दिवसाच्या निमित्ताने, किंवा त्याच्या समाजावर काही आपत्ती कोसळल्यावरच आठवला आहे का? तसे असेल तर मुलाखतीचा विषय आधीच अरुंद झालेला असतो, आणि मुलाखतकाराला तो प्रयत्नपूर्वक रुंद करावा लागतो.

वाचन: खरी तयारी

मुलाखतकाराने लेखकाचे निदान पहिले आणि सर्वांत अलीकडचे पुस्तक पूर्ण वाचलेले असावे. शक्य असेल तर सर्व. पाठमजकूर आणि परीक्षणे वाचून घेतलेली मुलाखत श्रोत्यांना लगेच कळत नाही, पण लेखकाला पहिल्या पाच मिनिटांत कळते, आणि मग तो तयार उत्तरे देऊ लागतो.

वाचताना पेन्सिल हाताशी असावी आणि लक्ष आशयाइतकेच रचनेवर असावे. निवेदक कोण आहे आणि तो कधी बदलतो. ‘मी’ कुठे आहे आणि ‘आम्ही’ कुठे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत आहेत की सर्वच बोलीत आहे. बोलीतल्या शब्दांचे अर्थ दिले आहेत की वाचकाने ते शोधावेत अशी अपेक्षा आहे. हिंसेचा प्रसंग थेट घडताना दाखवला आहे की नंतर कोणीतरी सांगताना. कोणत्या वर्षांवर पुस्तक घाईने पुढे जाते. या प्रत्येक नोंदीत एक प्रश्न दडलेला असतो.

मराठीतली दोन उदाहरणे हे स्पष्ट करतील. दया पवार यांच्या 1978 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बलुतं’मध्ये शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार आणि दगडू मारुती पवार हे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर येतात, आणि दगडूची कहाणी त्या भेटीतून उलगडते. अशा पुस्तकाच्या लेखकाला ‘यातले खरे किती’ असे विचारणे म्हणजे त्याने उभी केलेली सर्वांत महत्त्वाची गोष्टच न पाहणे होय. एका माणसाचे दोन का करावे लागले, त्यातल्या कोणाला कोणाची लाज वाटते, आणि लिहिताना लेखणी कोणाच्या हातात होती, हे रचनेचे प्रश्न आहेत. आणि जातीने माणसाच्या मनाचे काय केले, हा प्रश्न त्यांच्या पोटातच आहे.

दुसरे उदाहरण बेबी कांबळे यांचे. ‘जिणं आमुचं’ या त्यांच्या आत्मकथनाच्या नावातच अनेकवचन आहे आणि पुस्तकही लेखिकेच्या एकटीच्या आयुष्यापेक्षा साऱ्या वस्तीच्या, विशेषतः तिथल्या बायकांच्या जगण्याविषयी बोलते. पतीकडून त्यांनी स्वतः सोसलेली मारहाण आणि संशय त्या पुस्तकात नाही. आपले लेखन वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवावे लागले, हेही नाही. अनुवादक माया पंडित यांच्याशी झालेल्या, इंग्रजी अनुवादासोबत प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्या याबद्दल बोलल्या. पुस्तकात जे गाळले गेले ते मुलाखतीत येऊ शकते, ते असे: समोरची व्यक्ती पुस्तकातल्या ओळीच नव्हे तर पुस्तकातल्या रिकाम्या जागाही वाचून आलेली असते, तिने विश्वास कमावलेला असतो, आणि बोलायचे की नाही हे लेखिकेच्या हातात असते. मात्र जे एका शांत खोलीत, मजकुराच्या जाणकारासमोर बोलले जाते, ते भरलेल्या सभागृहात बोलायला लावणे योग्य ठरेलच असे नाही. हा फरक मुलाखतकाराने सतत ध्यानात ठेवावा.

पुस्तकांबरोबर लेखकाच्या जुन्या मुलाखतीही वाचाव्यात किंवा ऐकाव्यात. एखाद्या प्रश्नाचे उत्तर त्याने अनेकदा दिलेले असेल तर ते उत्तर प्रस्तावनेत दोन वाक्यांत मुलाखतकारानेच सांगावे आणि तिथून पुढचा प्रश्न विचारावा. ‘लिहायला कधी लागलात’ या प्रश्नावर जाणारी दहा मिनिटे अशी वाचतात.

लेखक दुसऱ्या देशातला किंवा दुसऱ्या समाजातला असेल तर त्या समाजाची किमान माहितीही तयारीत येते. जानेवारी 2018 मध्ये पॅरिसमधल्या एका जाहीर कार्यक्रमात नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांना, नायजेरियात पुस्तकांची दुकाने आहेत का, असे विचारण्यात आले. असा प्रश्न विचारावा लागतो ही गोष्ट फ्रेंच लोकांबद्दल काही बरे सांगत नाही, असे त्यांनी तिथेच सुनावले. प्रश्नकर्तीचा हेतू उपरोधाचा होता, असे नंतर पुढे आले. परंतु व्यासपीठावर हेतू दिसत नाही, शब्द ऐकू येतात. ज्या समाजाबद्दलचे गैरसमज आधीच पसरलेले आहेत, त्याच्याबाबतीत उपरोध वापरू नये हेच बरे.

आधीची भेट

मुलाखतीपूर्वी लेखकाशी एकदा अर्धा तास बोलावे. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर फोनवर. या भेटीत चार-पाच गोष्टी ठरवायच्या असतात. परिचय कसा करून द्यावा हे लेखकालाच विचारावे. ‘दलित लेखक’, ‘मुस्लिम कवयित्री’, ‘ट्रान्स लेखिका’ असे विशेषण काहींनी लढून मिळवलेले असते आणि ते अभिमानाने लावावे अशी त्यांची इच्छा असते. काहींना त्याच विशेषणाने आपले लेखन एका कोपऱ्यात सारले जाते असे वाटते. दोन्ही भूमिका विचारपूर्वक घेतलेल्या असू शकतात, आणि त्यांतली योग्य कोणती हे ठरवणे मुलाखतकाराचे काम नव्हे. नावाचा उच्चार, लिंगओळखीनुसार वापरायची क्रियापदे, गावाचे नाव आणि पूर्वीचे नाव घ्यायचे की नाही, हेही याच वेळी विचारून लिहून ठेवावे.

कोणत्या विषयावर बोलायचे नाही, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. न्यायालयात चालू असलेला खटला, कुटुंबातील जिवंत व्यक्ती, आरोग्य, अत्याचाराचा अनुभव यांबद्दल लेखकाने ‘नको’ म्हटले तर कारण विचारू नये आणि व्यासपीठावर आडवळणानेही तिकडे जाऊ नये. त्याच वेळी हेही प्रामाणिकपणे सांगावे की लेखनावर टीका करणारे एक-दोन प्रश्न आपण विचारणार आहोत. लेखक टीकेला सहसा घाबरत नाहीत. गाफील गाठले जाण्याचा मात्र त्यांना राग येतो, आणि तो रास्त आहे.

प्रश्नांची पूर्ण यादी आधी द्यावी का, यावर दुमत आहे. मी विषयांची रूपरेषा आणि ज्या उताऱ्यांवर बोलायचे आहे त्यांची पाने आधी देण्याच्या बाजूचा आहे, पण नेमके प्रश्न देण्याच्या नाही. उतारे कळले की लेखक ते पुन्हा वाचून येतो, आणि जुने पुस्तक नव्याने वाचलेला लेखक फार चांगले बोलतो. नेमके प्रश्न कळले तर तो उत्तरे पाठ करून येण्याचा धोका असतो. अपवाद फक्त हळव्या विषयांचा: तिथे प्रश्न शब्दशः आधी दाखवावा. त्या भेटीत गप्पा रंगू लागल्या तर मुलाखतकाराने स्वतःच त्या आवरत्या घ्याव्यात, कारण फोनवर सांगून झालेली गोष्ट व्यासपीठावर दुसऱ्यांदा सांगताना शिळी होते.

प्रश्न कसा घडवावा

या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. समजा, एका कादंबरीत शाळेतल्या हजेरीचा प्रसंग आहे. गुरुजी एकेक नाव पुकारतात, नायकाचे आडनाव उच्चारले जाते, वर्ग क्षणभर गप्प होतो आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हसते. लेखकाने ते आडनाव मात्र कुठेही छापलेले नाही. या प्रसंगावर सुचणारा पहिला प्रश्न बहुधा असा असतो: ‘शाळेत तुम्हाला जातीचे चटके सोसावे लागले का?’ याचे उत्तर ‘हो’ असणार हे सर्वांना ठाऊक आहे. तो लेखकाला लेखक म्हणून बोलू देत नाही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो; शिवाय कादंबरी ही आत्मचरित्रच आहे असे गृहीत धरतो.

दुसरा प्रयत्न असा होऊ शकतो: ‘हजेरीच्या प्रसंगातून तुम्हाला शिक्षणव्यवस्थेबद्दल काय संदेश द्यायचा आहे?’ हा प्रश्न पुस्तकाजवळ आला आहे, पण त्याने प्रसंगाचे निबंधात रूपांतर केले. लेखकाने जे दृश्यातून सांगितले ते आता त्याने भाषणातून सांगावे, अशी ही मागणी आहे.

तिसरा प्रयत्न: ‘हजेरीच्या प्रसंगात वर्ग आडनाव ऐकतो, वाचक मात्र ऐकत नाही. पहिल्या खर्ड्यात ते आडनाव होते का?’ आता प्रश्न लहान आहे, वस्तुनिष्ठ आहे, आणि त्याचे उत्तर फक्त या एकाच लेखकाकडे आहे. तो कदाचित म्हणेल की आडनाव होते, पण ते छापले की वाचक लगेच ‘म्हणजे हे अमुक’ असे ठरवून मोकळा होतो, म्हणून काढले. किंवा म्हणेल की ते लिहायला हातच धजला नाही. किंवा संपादकाने काढायला सांगितले, आणि त्यावरून वाद झाला. तिन्ही दिशांना ओळख आहे, लेखनकला आहे आणि न्यायही आहे, आणि या तिघांपैकी एकाचेही नाव प्रश्नात घ्यावे लागलेले नाही. यापुढचा उपप्रश्न उत्तरातूनच येतो: वाचकांनी ते आडनाव ओळखायचा प्रयत्न केला का, आणि कोणत्या वाचकांनी केला?

प्रश्न घडवण्याची ही पद्धत कोणत्याही पुस्तकाला लागू पडते. आधी पान, ओळ किंवा प्रसंग दाखवावा; मग त्यात दिसलेली निवड एका वाक्यात सांगावी; मग त्या निवडीबद्दल एकच गोष्ट विचारावी आणि थांबावे. प्रश्नाला दुसरा प्रश्न जोडू नये, कारण लेखक त्या दोहोंतल्या सोप्याचे उत्तर देतो.

काही प्रश्न मात्र कितीही सौम्य शब्दांत विचारले तरी चुकीचेच राहतात, कारण त्यांच्या मुळाशी असलेले गृहीतकच चुकीचे असते. 1998 साली ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत कृष्णवर्णीय अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांना, तुम्ही पुढे कधी आपल्या पुस्तकांत गोऱ्या माणसांच्या आयुष्याला भरीव स्थान देणार का, असे विचारले गेले. नोबेल पारितोषिक त्यांना त्याआधी पाच वर्षे, 1993 साली मिळालेले होते. हा प्रश्न किती वंशवादी आहे हे तुमच्या लक्षात येत नाही, असे मॉरिसन यांनी शांतपणे सांगितले. गोऱ्या लेखकाला ‘तुम्ही कृष्णवर्णीयांबद्दल कधी लिहिणार’ असे कोणी विचारत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. मुलाखतकारांनी ही चित्रफीत आवर्जून पाहावी. तिथून एक साधी कसोटी हाती येते: आपला प्रश्न प्रस्थापित समाजातल्या, पुरुष, सवर्ण किंवा बहुसंख्याक लेखकाला आपण विचारला असता का? उत्तर नकारार्थी असेल तर प्रश्न पुन्हा लिहावा. ‘तुम्ही या अनुभवाच्या पलीकडे कधी जाणार’, ‘तुमच्या समाजाला हे पुस्तक आवडले का’, ‘तुम्ही इतके शुद्ध कसे लिहिता’ हे सर्व प्रश्न या कसोटीवर गळून पडतात.

या कसोटीची दुसरी बाजूही वापरावी. प्रस्थापित लेखकाला त्याच्या जातीचा, लिंगाचा, वर्गाचा त्याच्या लेखनावर काय परिणाम झाला, हे जवळजवळ कधीच विचारले जात नाही. जणू ओळख फक्त वंचितांनाच असते. त्याच्या कादंबरीतली घरकाम करणारी बाई दोनशे पानांत एकही वाक्य का बोलत नाही, हा लेखनकलेचा प्रश्न आहे आणि तो त्याला विचारायलाच हवा.

प्रत्यक्ष व्यासपीठावर

एकूण वेळ सव्वा तासाचा असेल तर परिचयाला तीन-चार मिनिटे, लेखकाच्या अभिवाचनाला सात-आठ, संवादाला चाळीस आणि श्रोत्यांना उरलेला वेळ, अशी विभागणी साधारणपणे चालते. अभिवाचन सुरुवातीलाच घ्यावे. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्याही कानांत लेखकाची भाषा पोहोचते, आणि पुढच्या बोलण्याला आधार मिळतो. उतारा लेखकाने निवडावा. तो सर्वांत वेदनादायक असावा असा आग्रह कोणी धरू नये.

खुर्च्या समोरासमोर न मांडता किंचित तिरक्या मांडाव्यात, आणि माइक आधी तपासावेत. व्यासपीठावर जायला उतार आहे का, सांकेतिक भाषेचा दुभाषी आहे का, हे संयोजकांनी पाहावे. समतेवरच्या चर्चेसाठी चाकाच्या खुर्चीतून आलेल्या श्रोत्याला दारातून परत जावे लागणे अक्षम्य आहे.

मुलाखतकाराने स्वतः कमीत कमी बोलावे. टिपण असावे, पण नजर कागदावर खिळलेली नसावी, कारण सर्वांत चांगला प्रश्न बहुधा नुकत्याच दिलेल्या उत्तरात असतो. लेखक बोलता बोलता थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. दोन-तीन श्वासांची शांतता सभागृहाला मोठी वाटते, पण उत्तराचा खरा भाग पुष्कळदा तिच्यानंतर येतो. लेखकाचा आवाज कापू लागला तर मात्र थांबण्याचा मार्ग त्याच्यासमोर ठेवावा: ‘आपण इथून पुस्तकाकडे वळू या का?’ असे विचारणे पुरेसे असते. त्याला सावरायला वेळ देण्यासाठी त्याचाच एखादा उतारा मुलाखतकाराने वाचून दाखवावा. डोळ्यांतले पाणी हे मुलाखतीचे यश समजू नये.

उत्तर गुळगुळीत, तयार वाटले तर तपशील मागावा. ‘समाज बदलला पाहिजे’ असे लेखक म्हणाला तर ‘हे पुस्तक लिहिताना कोणता वाचक डोळ्यांसमोर होता, आणि त्याने ते वाचून काय करावे असे वाटत होते?’ असे विचारावे. ‘भाषा आपोआप आली’ असे म्हणाला तर एखादे वाक्य वाचून दाखवून त्यातला एक शब्द धरावा. लेखनाची मेहनत सर्वच लेखक थोडीफार लपवतात, पण वंचित समाजातून आलेल्या लेखकाच्या बाबतीत तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे प्रमाण फार मोठे आहे. त्याने ‘भोगले ते लिहिले’ असे समजले जाते. किती खर्डे केले, काय वाचून काय शिकला, कोणती वाट सोडून दिली, हे विचारलेच जात नाही. ते विचारणे हीच त्या लेखकाला न्याय देण्याची पहिली पायरी आहे.

मतभेद कसे मांडावेत

आदर म्हणजे केवळ होकार नव्हे. लेखकाने आपल्या समाजातल्या स्त्रियांचे चित्रण कसे केले आहे, दुसऱ्याच्या दुःखावर लिहिताना त्यांची संमती घेतली का, नातेवाइकांची खरी नावे का ठेवली, हे प्रश्न टाळले तर मुलाखत सत्कार समारंभासारखी होते. नोव्हेंबर 1971 मध्ये लंडनमध्ये चित्रित झालेला जेम्स बाल्डविन आणि निकी जिओव्हानी यांचा संवाद या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. तो अमेरिकेतल्या ‘सोल!’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात दोन भागांत दाखवला गेला. बाल्डविन तेव्हा 47 वर्षांचे नामवंत लेखक होते, जिओव्हानी 28 वर्षांच्या कवयित्री. दोघेही कृष्णवर्णीय, दोघांचा संघर्ष एकच. तरीही बाहेरच्या जगात अपमान सोसणारा पुरुष घरी येऊन स्त्रीशी कसा वागतो, या मुद्द्यावर जिओव्हानी त्यांना सहजी सोडत नाहीत. बाल्डविन आपली बाजू मांडतात, ऐकतात, पुन्हा मांडतात. दोघांचाही स्नेह त्यातून कमी होत नाही, आणि एका समाजाचे एकच मत असते हा प्रेक्षकाचा समज कोणतेही व्याख्यान न देता मोडतो.

त्यावरून मुलाखतकाराने दोन गोष्टी घ्याव्यात. मतभेद पुस्तकातल्या नेमक्या जागेवर आणि स्वतःच्या नावाने मांडावा. ‘काही लोक असे म्हणतात’ या आडोशाआड लपू नये. आणि लेखकाला संपूर्ण समाजाचा प्रवक्ता धरून त्याच्याकडून जाब मागू नये. मुलाखतकार स्वतः वेगळ्या, अधिक सुस्थित समाजातला असेल तर ते एकदा, एका वाक्यात सांगून पुढे जावे. अपराधभावाची लांबलचक कबुली देत बसल्यास लेखकालाच मुलाखतकाराचे सांत्वन करावे लागते आणि वेळही त्यातच जातो.

श्रोत्यांचे प्रश्न

इथे सूत्रे सैल सोडली की पाऊण तासाची मेहनत दहा मिनिटांत वाया जाते. प्रश्न चिठ्ठीवर घ्यावेत की माइकवर, हे सभेच्या स्वरूपावर ठरवावे. वातावरण तापलेले असेल, लेखकाला धमक्या आलेल्या असतील, किंवा लाजणाऱ्या श्रोत्यांची संख्या मोठी असेल, तर चिठ्ठ्या उत्तम. त्या निवडताना अडचणीचे पण प्रामाणिक प्रश्न बाजूला काढू नयेत. माइक फिरवायचा असेल तर पहिला माइक तरुण श्रोत्याकडे किंवा स्त्रीकडे न्यावा. पहिला प्रश्न ज्या स्वरात येतो त्याच स्वरात पुढचे येतात, हे कोणत्याही सभेत पाहता येईल.

प्रश्न दोन वाक्यांत संपवावा, हे आधीच सांगावे आणि पाळून घ्यावे. भाषण सुरू झाल्यास ‘आपला प्रश्न काय आहे?’ असे नम्रपणे, पण पहिल्याच मिनिटात विचारावे. अपमानास्पद प्रश्न आला तर त्याला उत्तर देण्याची जबाबदारी लेखकावर टाकू नये. ‘हा प्रश्न मी पुढे नेणार नाही’ असे मुलाखतकाराने म्हणावे, कारण व्यासपीठावर बोलावणाऱ्यावर पाहुण्याच्या प्रतिष्ठेची जबाबदारी असते. लेखकाला स्वतःला उत्तर द्यायचे असेल तर तो हात वर करील. तेवढी खूण आधीच्या भेटीत ठरवून ठेवावी. ‘आरक्षणाबद्दल आपले मत काय’ अशा, पुस्तकाशी संबंध नसलेल्या प्रश्नाबाबतही हीच खूण उपयोगी पडते: काही लेखकांना त्यावर बोलायचे असते, काहींना तो प्रश्न प्रत्येक सभेत विचारला गेल्याचा वीट आलेला असतो.

मुलाखतीनंतर

ध्वनिमुद्रणाचे शब्दांकन लवकर करावे आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी लेखकाला दाखवावे. 1953 साली ‘पॅरिस रिव्ह्यू’ या इंग्रजी साहित्यिक नियतकालिकाच्या पहिल्या अंकात इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्या मुलाखतीने जी लेखकांच्या मुलाखतींची परंपरा सुरू झाली, तिच्यात लेखकाला आपली उत्तरे तपासून सुधारू देण्याची पद्धत रूढ झाली, आणि लेखनकलेवरचे टिकाऊ बोलणे त्या मुलाखतींत जमा झाले ते बऱ्याच अंशी या पद्धतीमुळे. पत्रकारितेच्या मुलाखतीला हा नियम लावता येत नाही, तिथे सत्ताधाऱ्याला शब्द फिरवू देणे धोक्याचे असते; पण लेखक स्वतःच्या अनुभवाबद्दल बोललेला असतो, तेव्हा त्याला नंतर नकोसा वाटणारा तपशील काढण्याचा हक्क असायला हवा. शब्दांकन करताना लेखकाची बोली प्रमाण भाषेत ‘सुधारू’ नये. तो ‘व्हतं’ म्हणाला असेल तर ‘होते’ छापण्याआधी त्याला विचारावे, आणि मुलाखतकाराची वाक्ये जितकी नीटनेटकी करू तितकीच त्याचीही करावीत.

समाजमाध्यमांवर टाकायची छोटी चित्रफीत निवडताना विशेष काळजी घ्यावी. संयोजकांचा कल साहजिकच सर्वांत भडक वाक्याकडे असतो, आणि त्या वाक्याचा त्रास पुढे अनेक दिवस लेखकाला एकट्याला सोसावा लागतो. तो तुकडा आधी लेखकाला पाठवावा, शक्य तिथे प्रश्न आणि उत्तर दोन्ही ठेवावीत, आणि खालच्या प्रतिक्रियांवर पहिले दोन-तीन दिवस संयोजकांपैकी कोणीतरी लक्ष ठेवावे. मानधन त्याच आठवड्यात जमा करावे. मूळ ध्वनिमुद्रण संपूर्ण स्वरूपात, तारीख आणि सहभागींच्या नावांसह, एखाद्या ग्रंथालयाकडे लेखकाच्या लेखी संमतीने जपून ठेवायला द्यावे, आणि त्याची एक प्रत लेखकाकडे पोहोचती करावी.